गिरणीतलं पाळणाघर

सकाळी सातच्या पाळीला निघालेल्या बायकांच्या कडेवर तान्हं मूल असायचं, हे आज लालबागच्या नाक्यावर उभं राहून सांगितलं तर नव्या पोरांना खरं वाटत नाही. गिरणी म्हटलं की त्यांना भोंगा माहीत असतो, चिमणी माहीत असते, ब्याऐंशीचा संप ऐकून माहीत असतो. आणि त्या सगळ्या चित्रात पुरुषच असतात. मला मात्र आधी आठवते ती गेटच्या आत, टाइमकीपरच्या खोलीपलीकडची एक लांबट, चुना दिलेली खोली. शाळेत जायला लागेपर्यंतचे माझे दिवस त्या खोलीत गेले.

आई वायंडिंग खात्यात होती. बॉबिनवरचं सूत कोनवर घ्यायचं काम. जेवढं सूत गुंडाळलं तेवढे पैसे, त्यामुळे हात थांबला की पगार थांबला. ती मला आणि नंतर धाकट्या भावाला घेऊन निघायची, तेव्हा चाळीत अजून नळावरची भांडणंही सुरू झालेली नसायची. गेटवर बिल्ला दाखवायचा, पाळणाघरात आम्हाला आयाबाईच्या हवाली करायचं आणि धावत खात्यात शिरायचं. आयाबाई आमचे घरचे कपडे उतरवून खुंटीवर टांगायची, कार्बोलिक साबणाने आंघोळ घालायची आणि गिरणीच्याच लाँगक्लॉथचे शिवलेले एकसारखे झबले-फ्रॉक अंगात चढवायची. भिंतीला लागून लोखंडी चौकटींना कापडी झोळ्या बांधलेल्या असत, त्यात तान्ही मुलं. आम्ही मोठी मुलं जमिनीवर. दहाच्या सुमाराला ॲल्युमिनियमच्या पेल्यात दूध मिळायचं. घरी दूध चहापुरतं यायचं. पेलाभर दूध एकट्याने प्यायचं, हे मी तिथे शिकले.

मधे एकदा पाजायची सुट्टी असायची. दार उघडायचं आणि सात-आठ बायका एकदम आत यायच्या. भुवयांवर, केसांवर कापूस बसलेला, त्यामुळे विशीतल्या बायकाही म्हाताऱ्या दिसायच्या. हात-तोंड धुवायचं, पदर झटकायचा आणि आपापली झोळी गाठायची. आई भावाला पाजताना माझ्याकडे बघून हसायची, पण बोलायची नाही. बोलण्यात वेळ जाईल, असं तिला वाटत असावं. तिचं ते घाईचं, न बोलता हसणं माझ्या बालपणातली सगळ्यात सुखाची गोष्ट आहे.

ती खोली मालकाच्या चांगुलपणातून आलेली नव्हती. 1948च्या कारखाने अधिनियमात अठ्ठेचाळिसावं कलम होतं. पन्नासहून जास्त बायका कामाला असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी हवेशीर, उजेडाची, स्वच्छ खोली द्यायची, मुलं सांभाळायला शिकवलेल्या बायका नेमायच्या, फुकट दूध किंवा खाऊ द्यायचा आणि आईला अंगावर पाजायला मधे सोडायचं, असं ते सांगायचं. 1976मध्ये ही मर्यादा पन्नासवरून तीसवर आली. आईला कलमाचा आकडा ठाऊक नव्हता, पण 'कायद्याचं दूध हाय, पी' असं ती म्हणायची.

सगळं गोड होतं असं सांगून मला कुणाला फसवायचं नाही. गोवर आला की अख्खी खोली तापाने फणफणायची. बदलीवर येणाऱ्या बायकांना मूल आणायला संकोच वाटायचा. आज काम आहे, उद्या नाही, मग मूल कुणाच्या भरवशावर सवय लावायची? काही गिरण्यांत पाळणाघर म्हणजे तपासनीस येणार असला की उघडायची खोली, हेही आईच्याच तोंडून ऐकलं. तरीही आपलं मूल आपल्यापासून दोनशे पावलांवर आहे, कोरडं आहे, खाऊन-पिऊन आहे, ही खात्री तिला होती. ती खात्री तिच्या आईच्या वाट्याला आली नव्हती.

आजीही गिरणीतच होती, रिळिंग खात्यात. तिच्या काळी बाळगोळी होती. अफू घातलेली ही गोळी कामावर जाण्याआधी मुलाला चाटवायची, म्हणजे ते संध्याकाळपर्यंत गुंगीत पडून राहतं. आजी याबद्दल क्वचित बोलायची आणि बोलली की लगेच विषय बदलायची. पुढे मोठेपणी वाचलं की 1922च्या सुमाराला मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या बाईंना गिरणीतल्या बाळंतिणींची पाहणी करायला नेमलं होतं आणि कामकरी बायकांच्या जवळजवळ सगळ्याच तान्ह्यांना अफू दिली जाते, असं त्यांनी लिहून ठेवलं. तेव्हा गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांत एक बाई होती. एवढ्या बायका, एवढी मुलं आणि दहा बाय दहाच्या खोलीत दिवसभर झोपवून ठेवलेलं ते बालपण. आजीला दोष देणारी मी कोण? तिच्यापुढे दोनच वाटा होत्या, गोळी किंवा उपास.

याच सुमाराला परळमध्ये, दामोदर हॉलजवळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. ते मुंबई विधिमंडळाचे सभासद होते. 1928च्या जुलैमध्ये दुसरे एक सभासद आसवले यांनी मांडलेल्या प्रसूती लाभ विधेयकावर त्यांनी भाषण केलं. त्यातला एक मुद्दा मला आजही सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्या खर्चाचा मोठा वाटा खरं तर सरकारने उचलायला हवा, असं ते म्हणाले. मालकालाही त्यांनी मोकळं सोडलं नाही. बाईच्या श्रमातून त्याला फायदा होतो, तेव्हा त्यानेही द्यावं. पण लोकांचं कल्याण सांभाळणं ही पहिली जबाबदारी सरकारची, हे त्यांनी स्वच्छ मांडलं. 1929मध्ये कायदा झाला, देशातला या तऱ्हेचा पहिला. दिवसाला 8 आणे मिळू लागले. मात्र पैसे द्यायचे मालकाने. सरकारने आपला हात खिशात घातला नाही.

तिथे जी चूक झाली ती पुढे होतच गेली, असं माझं मत आहे. बाळंतपणाचा खर्च मालकावर, पाळणाघराचा खर्च मालकावर, आणि तोही बायकांच्या संख्येवर मोजून. मग मालकाने काय केलं? बायकाच कमी केल्या. इतर कारणंही होती, नवी यंत्रं आली, रात्रपाळीला बायकांना बंदी होती. पण बाई ठेवली की खर्च वाढतो हा हिशेब कुठल्याही मुकादमाला तोंडपाठ असायचा. आईच्या खात्यात निवृत्त झालेल्या बाईच्या जागी बाई आली नाही. 18 जानेवारी 1982ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तेव्हा त्यात बायका अगदी थोड्या उरल्या होत्या. आमचं पाळणाघर त्याआधीच बंद झालं होतं. संपाच्या इतिहासात त्याची नोंद असण्याचं कारण नाही.

सरकारी पैशाची चव मात्र मी लहानपणीच घेतली होती, गिरणीबाहेर. 1953च्या कायद्याने कामगार कल्याण मंडळाचा निधी उभा राहिला, त्यात कामगार, मालक आणि राज्य सरकार असे तिघेही वर्गणी भरतात. त्यातून गिरणगावात कामगार कल्याण केंद्रं निघाली. त्यांत बायकांसाठी शिवणवर्ग, पुरुषांसाठी व्यायामशाळा आणि मुलांसाठी शिशुमंदिर. चार वर्षांची झाल्यावर आईने माझं नाव तिथे घातलं. सकाळचे तीन तास शिशुमंदिर आणि मग आयाबाईची बहीण मला तिथून उचलून गिरणीच्या पाळणाघरात आणून सोडायची. शिशुमंदिरातल्या ताईंनी मला हातात खडू धरायला शिकवला. भिंतीवर चित्रं होती, पेटी होती, दर शनिवारी नखं तपासायच्या. फी अशी होती की आईने ती कधी पुढच्या पगारावर ढकलली नाही. कामगाराचं पोर म्हणून कमी दर्जाचं काही मिळालं, असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. तिघांनी मिळून पैसे घातले की काय होतं, याचं ते चोख उदाहरण होतं. केंद्रं आजही आहेत.

लग्न होऊन मी गिरगावात आले. लालबागहून गिरगाव म्हणजे बसने अर्धा तास, पण गाव बदलल्यासारखं. इथे गिरणी नव्हती, कचेरी होती. वाडीतल्या पाचांपैकी दोन घरांतल्या बायका फोर्टात, चर्चगेटला, मंत्रालयात नोकरीला. मी एका विमा कार्यालयात कारकून. मुलगा झाला तो 1984 साली. तीन महिन्यांची रजा संपली आणि प्रश्न उभा राहिला. सासूबाई नव्हत्या. पाळणाघराची चौकशी करायची गरजच पडली नाही, समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू स्वतःच आल्या. "माझ्याकडे ठेव. दोन आहेतच, तिसरा जड नाही," म्हणाल्या.

काकूंचं घर दीड खोलीचं. दुपारी मुलांना ओळीने झोपवून त्या पापड लाटायच्या. वरणभात, मेतकूट-भात, संध्याकाळी लाडू. मुलाला पर्वचा त्यांनीच शिकवली. महिन्याला दीडशे रुपये देत होते, माझ्या पगाराच्या मानाने किरकोळ. गणपतीला साडी, दिवाळीला साडी. आज या आठवणी सांगताना सगळे हळवे होतात, चाळीतलं शेजार किती मायेचं होतं म्हणतात. माया होतीच. पण काकूंनी तीस वर्षांत किती मुलं सांभाळली आणि त्यांच्या हातात शेवटी काय उरलं, हेही मी पाहिलंय. पेन्शन नाही, रजा नाही, आजारपणाचा एक पैसा नाही. कंबर गेली तेव्हा मुलं येणं बंद झालं आणि मिळकतही. आमच्या नोकऱ्या, आमची बढती, आमच्या मुलांचं शिक्षण काकूंच्या त्या कमी दरावर उभं राहिलं. स्वस्त पाळणाघराचं अनुदान देत होत्या त्या काकूच. हे मला फार उशिरा उमगलं आणि तेव्हापासून 'आमच्या वेळी असं काही लागत नव्हतं' हे वाक्य मला ऐकवत नाही.

दादरला जाणं-येणं असायचं, कारण माझी नणंद हिंदू कॉलनीत. बाबासाहेबांचं राजगृह त्याच कॉलनीत आणि ताराबाई मोडकांनी 1936मध्ये शिशुविहार काढलं तेही दादरला, तिथेच. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला माँटेसरी पद्धतीचं शिक्षण उभं करून ताराबाई मुंबईला आल्या होत्या. मध्यमवर्गाच्या मुलांसाठी उत्तम बालशाळा चालवत असतानाच ही पद्धत गरिबाच्या मुलापर्यंत जाणार कशी, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. 1945मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मोठी भावंडं धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका छपराखाली आणली. काडेपेट्या, शिंपले, बिया, पानं हेच साहित्य. 1957मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. 2 ऑक्टोबर 1975ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा देशभरच्या केंद्रांना जे नाव मिळालं ते याच कामातलं, अंगणवाडी.

नाव घेतलं, पण पाळणाघर मागेच राहिलं. याचं मला खरंच वाईट वाटतं. ताराबाईंना कळलं होतं की आई मजुरीला गेलेली असताना मुलाला दोन तासांची गाणी पुरत नाहीत, दिवसभराचा सांभाळ लागतो. सरकारी अंगणवाडी मात्र आहाराची, लसीकरणाची आणि थोड्या तासांच्या शिक्षणाची झाली. यामुळे देशातली कित्येक मुलं जगली, हे मी मनापासून मानते. पण कामावर जाणाऱ्या आईचा दिवस तिने धरला नाही.

आमच्याकडे घरकामाला येते तिचं उदाहरण देते. आता आम्ही मुलाबरोबर परळला राहतो. ती शिवडीच्या बाजूला. तिची मुलगी साडेतीन वर्षांची. अंगणवाडी भाड्याच्या एका खोलीत भरते. मी एकदा मुद्दाम तिच्याबरोबर गेले होते. खोली इतकी छोटी की वजनाचा टांगता काटा मुलांच्या डोक्यावर लोंबत होता. एका कोपऱ्यात रजिस्टरांचा ढीग, दुसऱ्यात बचत गटाकडून आलेला खिचडीचा डबा. भिंतीवर फळांचा तक्ता, त्यातल्या आंब्याच्या जागी मुलांनी बोटं लावून लावून कागद फाटलेला. सेविकाताई एका हाताने वाढत होत्या आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर हजेरी भरत होत्या. मुलं आनंदात होती, ताईंना बिलगत होती. दुपारी केंद्र बंद झालं. मुलीची आई तेव्हा तिसऱ्या घरी भांडी घासत होती. मुलीला न्यायला तिची दहा वर्षांची बहीण आली होती. तिची शाळा दुपारची. त्या दिवशी ती शाळेत गेली का, हे मी विचारलं नाही, कारण उत्तर तिच्या अंगावरच्या घरच्या फ्रॉकमध्ये दिसत होतं.

या मुलांच्या ताज्या जेवणासाठी 2017मध्ये ठरलेला सरकारी दर मुलामागे दिवसाला 8 रुपये. आठ रुपयांत लालबागला वडापावही मिळत नाही. सेविकेचं मानधन 2023मध्ये मोठ्या आंदोलनानंतर राज्यात 10 हजार झालं, मदतनिसाचं साडेपाच हजार. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या पुन्हा संपावर गेल्या. मानधन म्हणायचं, पगार म्हणायचं नाही, ही रीत अजून चालू आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2022मध्ये त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तेव्हा मला काकू आठवल्या.

दिवसभराच्या पाळणाघरांची सरकारी योजना नाही असं नाही. नोकरी करणाऱ्या आणि आजारी आयांच्या मुलांसाठी स्वयंसेवी संस्थांना मदत द्यायची योजना सत्तरच्या दशकापासून आहे. 1 जानेवारी 2006पासून ती राजीव गांधींच्या नावाने चालली. एका पाळणाघरात मुलं 25, वय सहा महिने ते सहा वर्षं. नंतरच्या नियमांत दारिद्र्यरेषेखालच्या घराला महिन्याला 20 रुपये, महिना 12 हजारांपर्यंत मिळकत असलेल्यांना 100 आणि त्यावरच्यांना 200, असे दर होते. कागदावर किती चांगलं! पण 2017मध्ये खर्चाची वाटणी बदलली: केंद्र साठ टक्के, राज्य तीस आणि उरलेले दहा संस्थेने आणायचे. पाळणाघर सांभाळणाऱ्या बाईला महिना 3 हजार, मदतनिसाला दीड हजार. या पैशात मुंबईत कोण येणार? देशभर पाळणाघरं भराभर बंद पडली. 2022पासून तीच योजना 'पाळणा' नावाने मिशन शक्तीखाली आली आहे आणि देशात 17 हजार अंगणवाड्यांना पाळणाघर जोडायचा संकल्प आहे. हा विचार मला पटतो, ताराबाईंच्या जवळ जाणारा आहे. आमच्या भागातल्या एका भाड्याच्या खोलीला तो लागू झाला तर त्या दहा वर्षांच्या मुलीची शाळा वाचेल.

आता आमच्या घरचं. सून ज्या इमारतीत नोकरी करते ती एका गिरणीच्या जागेवर उभी आहे. आई जिथे कामाला होती तिथून चालत दहा मिनिटांवर. प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा 26 आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यायचं, असं कलम आलं. यात पन्नास बायका नाहीत, पन्नास माणसं, ही सुधारणा मोठी आहे. बायका कमी करून पळवाट काढता येत नाही. पण 26 आठवड्यांचा पगार आणि पाळणाघर, सगळं पुन्हा मालकावर. 1928मध्ये परळच्या चाळीत राहणाऱ्या बाबासाहेबांनी सांगितलेली गोष्ट शंभर वर्षं होत आली तरी ऐकली गेलेली नाही. सुनेच्या मैत्रिणींना मुलाखतीत आडून आडून विचारतात, लग्न झालंय का, मूल कधी. त्या मुकादमाचा हिशेब अजून तसाच आहे, फक्त तो आता वातानुकूलित खोलीत बसतो.

सुनेच्या कचेरीची सोय म्हणजे एका खाजगी पाळणाघराशी करार. कचेरी थोडं देते, बाकी आईबापांनी भरायचं. दर महिन्याला 18 हजार. अनामत वेगळी. रंगीत गाद्या, कॅमेरे, इंग्रजी गाणी. सांभाळणाऱ्या मुलींना पगार काय मिळतो, असं मी तिथल्या एकीला हळूच विचारलं. तिने सांगितलेला आकडा एका मुलाच्या फीपेक्षा कमी होता. सुनेचा पगार बरा आहे, म्हणून हे झेपतं. तिच्याच मजल्यावर रिसेप्शनला बसणारी मुलगी बाळंतपणानंतर परत आली नाही. 18 हजार फी भरून तिच्या पगारातलं रेल्वेच्या पासापुरतंही उरलं नसतं.

गिरण्या पाडून टॉवर बांधणाऱ्या मजूर बायकांची मुलंही याच परळ-लालबागच्या मातीत वाढली. विटांच्या ढिगाशेजारी, साडीच्या झोळीत. मीरा महादेवन यांनी 1969मध्ये दिल्लीत बांधकामांवर फिरती पाळणाघरं सुरू केली आणि 1972पासून ते काम मुंबईत आलं. पत्र्याच्या शेडमध्ये स्वच्छ आंघोळ, दूध, औषध, अक्षरओळख. 1996च्या बांधकाम मजुरांच्या कायद्यात पन्नासहून जास्त बायका असतील तिथे पाळणाघर द्यायला सांगितलं होतं आणि त्यासोबतच बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर लागतो. मुंबईत गेल्या पंचवीस वर्षांत किती उंच इमारती झाल्या ते पाहा. तो उपकर मजुरांच्या कल्याणासाठीच आहे. त्यातला ठरावीक हिस्सा मुलांच्या सांभाळासाठी राखून ठेवला तर कुणावर उपकार होणार नाहीत.

माझी पुतणी कॅनडात, टोरोंटोजवळ राहते. तिथल्या सरकारने 2021च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत 30 अब्ज डॉलरपर्यंत पैसे ठेवले आणि सरासरी दिवसाला 10 डॉलरमध्ये बालसंगोपन हे उद्दिष्ट ठरवलं. तिच्या प्रांतात 2025च्या सुरुवातीपासून या योजनेतल्या केंद्रांची फी दिवसाला 22 डॉलरवर बांधली गेली. तिला जागा मिळायला बराच काळ थांबावं लागलं, कारण फी उतरली पण खोल्या आणि शिक्षिका तितक्या वेगाने वाढल्या नाहीत. तरीही ती नोकरीत टिकली. फार लांब जायला नको. शेजारच्या कर्नाटकाने रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी 4 हजार ग्रामपंचायतींत 'कूसिना मने' ही पाळणाघरं काढायचं 2023मध्ये ठरवलं. रोजगार हमी ही देशाला महाराष्ट्राची देणगी. निपाणीच्या अलीकडच्या गावाने पलीकडच्या गावाकडे आशेने बघावं, हे मला बोचतं.

राज्य सरकारने जुलै 2024पासून बायकांच्या खात्यात महिन्याला दीड हजार द्यायला सुरुवात केली. आमच्या कामवालीच्या घरात त्या पैशाने गॅस येतो, वह्या येतात. तिच्या हातात स्वतःचा पैसा आला याचा मला आनंद आहे, तो कुणी काढून घेऊ नये. मात्र दीड हजारांत परळला मूल कुणी सांभाळत नाही. त्यासाठी खोली आणि माणसं लागतात, आणि ती एकेकटीने विकत घेण्याची गोष्ट नाही.

मी आयुष्यभर विम्याचे हिशेब केले, म्हणून हाही मांडून पाहिला. एक पाळणाघर, 25 मुलं, सकाळी आठ ते संध्याकाळी सात. दोन सेविका, प्रत्येकी 20 हजार पगार. दोन मदतनीस, प्रत्येकी 12 हजार. झाले 64 हजार. जेवण, दूध आणि खाऊ मुलामागे दिवसाला 40 रुपये धरले तर महिन्याच्या सव्वीस दिवसांचे 26 हजार. वीज, साबण, औषधं, खेळणी यांना 5 हजार. एकूण 95 हजार, म्हणजे मुलामागे 3,800. यात खोलीचं भाडं धरलेलं नाही. कारण महापालिकेच्या मराठी शाळांची पटसंख्या गेली कित्येक वर्षं उतरते आहे आणि आमच्या भागातच कुलूप लावलेले वर्ग मी पाहिले आहेत. बीडीडी चाळींच्या 160 फुटांच्या खोल्या जाऊन 500 फुटांची घरं मिळत आहेत, त्या इमारतींत व्यायामशाळा आणि सभागृह यांच्या जोडीला एक मोठी खोली मुलांसाठी का नसावी? त्या 3,800मधले आईबापांनी ऐपतीप्रमाणे 200 ते हजार भरावेत, घरकाम करणारीने कमी, माझ्या सुनेने जास्त. उरलेले केंद्र, राज्य आणि महापालिका यांनी वाटून घ्यावेत. मालकांनी, कामगार कल्याण निधीत भरतात तसे, माणशी ठरावीक भरावेत, बायका किती आहेत हे न मोजता.

हा कागद मी सुनेला दाखवला. तिने सेविकांच्या पगाराचा आकडा खोडून 25 हजार केला आणि म्हणाली, "आई, बेरीज पुन्हा करा. मूल ज्यांच्या हातात द्यायचं त्यांचा पगार कमी धरून चालणार नाही." बेरीज पुन्हा केली, मुलामागे 4,200 झाले. येत्या पालिका अर्थसंकल्पाच्या आधी आमच्या वॉर्डातल्या बायका मिळून हाच आकडा घेऊन जाणार आहेत. सोबत बंद वर्गांची यादीही आहे, शाळेच्या नावासकट.